कुवेतला गेलेली गवाही

अहमदपूरच्या बाजारगल्लीत सुलतानबी बांगडीवालीला न ओळखणारी बाई शोधून सापडायची नाही. लग्नाचा चुडा असो, ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या असोत, नाहीतर नुसतीच एखादी टिचली म्हणून जोडीला हवी असो, हात जायचा तो तिच्याच हातात. आणि हात एकदा का तिच्या मुठीत सापडला, की बांगड्या भरून होईस्तोवर बाईची सुटका नाही. तेवढ्या वेळात सुलतानबी घरातलं सगळं काढून घेणार आणि त्यातलं निम्मं पुढच्या घरी सांगणार. स्वभाव म्हणाल तर भडक, राग नाकाच्या शेंड्यावर. पण मनात काही ठेवायची नाही. सकाळी जिच्याशी भांडली तिच्याच ओट्यावर दुपारी चहा पीत बसलेली दिसायची.

तिला गर्व होता तो एकाच गोष्टीचा. सुनेचा. सालेहा नांदेडला नर्सिंग शिकलेली, बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात लागलेली. सुलतानबीनं तिला दवाखान्यात काम करताना पाहिलं आणि घरी येऊन सांगून टाकलं, आपल्या अजीजला करायची तर हीच. लग्नानंतर मोहल्ल्यातले लोक कुजबुजले, सून वेळी-अवेळी बाहेर जाते म्हणून. सुलतानबी भर गल्लीत उभी राहिली. "पोरं काय वेळ बघून जन्माला येतेत का रे? तुम्ही आलाव तवा तुमच्या आईनं घड्याळ बघितलं होतं का?" त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

अजीज हा तिचा एकुलता एक. फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचं काम शिकला आणि कुवेतला गेला. दोन वर्षांतून एकदा यायचा, महिनाभर राहायचा, जायचा. मग त्याला बायको-पोरीला सोबत ठेवायची परवानगी मिळाली. आता सालेहाची नोकरी सरकारी, पक्की. जो तो म्हणाला, राजीनामा देऊ नको बाई. सालेहा स्वतःही घुटमळत होती. सुलतानबीच म्हणाली, "जा. नवरा-बायकोनं एका छताखाली राहावं, न्हाईतर लग्न कशाला करायचं? आन् तुझ्यासारखीला तिकडं हातोहात उचलतेत बघ." सालेहानं राजीनामा दिला, लेक शबानाला घेतलं आणि गेली.

त्याला वर्ष होत आलं होतं. लातूर जिल्हा नवा झालेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, पण पाऊस मात्र जुन्याच सवयीचा. त्यानं पुन्हा दगा दिला. गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. अशा दिवसांत बांगड्या कोण भरतंय? सुलतानबीची पेटी नुसतीच फिरून घरी यायची. त्यातच नांदेडहून निरोप आला, लालमहंमद कुवेतहून आलाय, कॅसेट घेऊन जा.

हा लालमहंमद अजीजच्याच कंपनीतला. सुट्टीवर येताना चार घरांच्या कॅसेटी आणायचा, परत जाताना चार घरांच्या न्यायचा. सुलतानबीला अक्षरओळख नव्हती, मग चिठ्ठीचा उपयोग काय? कॅसेट बरी. आपलं माणूस आपल्याच घरात बसून बोलल्यासारखं वाटतं. ती एसटीनं नांदेडला गेली, कॅसेट पदराला बांधून आणली आणि शेजारच्या गौरम्माला हाक मारली.

गौरम्मा म्हणजे सिद्रामप्पाच्या किराणा दुकानाची मालकीण. गळ्यात लिंग, तोंडात शिवाचं नाव, आणि सुलतानबीशी जुनी मैत्री. अजीजच्या लहानपणी त्याला सुलतानबीपेक्षा जास्त रागावली असेल ती गौरम्माच. सुलतानबीच्या घरची बोली दखनी, पण ऐकायला गौरम्मा बसते हे सालेहाला ठाऊक होतं. म्हणून ती कॅसेटमध्ये मराठीच बोलायची.

टेप लावली. सालेहा बोलू लागली. शबाना शाळेत रुळली, तिकडं ऊन लई, पण घरात गार वाटतं, खजूर गोड मिळतात. सगळं बरं आहे, अम्मी. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या. इकडं सगळं बरं आहे.

सुलतानबीनं बटण दाबून टेप थांबवली. "काईतरी बिघडलंय."

"आता गं काय बिघडलं?" गौरम्मा म्हणाली. "बरं हाय म्हनून राहिली ना ती."

"म्हनूनच तर. ही बाई एवढं गोड कवा बोलली का? माझ्या गोळ्यांचं ती सांगत नसती, दटावत असती."

आणि खरंच, कॅसेट उलटी घातली तर दुसऱ्या बाजूला सालेहाचा आवाज उतरलेला होता.

"अम्मी, तुमच्यापासून काय लपवू? मला काम मिळून नाही राहिलं. जिथं जाते तिथं एकच सवाल, इथला अनुभव किती? मी म्हणते, बारा वर्षांचा आहे. ते म्हणतात, तो तिकडचा, इथला सांगा. इथला कुठून आणू? काम दिलं तर अनुभव येईल म्हटलं, तर म्हणतात, अनुभव आणा, मग काम देऊ."

"मंग तिथला पैला मानूस कुठून घुसला गं?" सुलतानबी टेपवरच खेकसली.

सालेहा पुढं सांगत होती. एका ठिकाणी तर कारकुनानं तिचे दाखलेच बाजूला सारले. दहा वर्षांचा दाखला उस्मानाबाद जिल्ह्याचा, शेवटच्या दोन वर्षांचा लातूर जिल्ह्याचा, आणि गाव दोन्हींवर अहमदपूर. तो म्हणाला, एक गाव दोन जिल्ह्यांत कसं असेल? यातला एक दाखला खोटा आहे. "मी समजावलं अम्मी, गाव तिथंच आहे, जिल्हा हलला. तो हसायला लागला. म्हणाला, तुमच्या देशात जिल्हे चालतात का?" इथं सालेहाही हसली.

शेवटी म्हणाली, "एक दवाखाना राहिलाय. तिथली मेट्रन केरळची आहे, बोलायला बरी आहे. तिनंही तेच सांगितलं, पण पुढच्या महिन्याच्या अखेरीला एकदा ये म्हणाली. तेव्हा नाही म्हणाली तर मी नर्सचा ड्रेस ट्रंकेत घालून टाकते. यांच्या मॅनेजरच्या घरी पोरं सांभाळायला बाई पाहिजे. हे म्हणतात, काम ते काम, ते धर. मीही हो म्हणून टाकीन आता. कंटाळले, अम्मी."

टेप संपली. गौरम्मानं कपाळाला हात लावला. सुलतानबी मात्र उठून उभीच राहिली. चेहरा लालबुंद.

"अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केली तिनं. आन् आता मॅनेजरच्या पोरांचं शेंबूड पुसनार? आन् माझा तो अजीज! काम ते काम म्हनतो! त्याला ठावं तरी हाय का बायको काय चीज हाय ती? महिनाभर यायचा, मटन खायचा, झोपायचा आन् जायचा!"

सांगायचं तर राग अजीजवर नव्हताच पुरता. "हातोहात उचलतेत" हे शब्द कुणाचे होते, ते तिला पक्कं आठवत होतं. दोन दिवस तिनं कुणाशी धड भांडणही केलं नाही. गल्लीला काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौरम्माच्या दुकानात जाऊन ती म्हणाली, "गौरम्मा, सेल दे. टेपला घालायचे. मोठे."

"कशाला?"

"चौकशी धाडायची कुवेतला."

गौरम्माला काही कळेना. मग सुलतानबीनं उलगडून सांगितलं. नव्या जागची माणसं, त्यांचंही बरोबर आहे, अनोळखी बाईला कसं घरात घेतील? आपण सोयरीक करताना काय करतो? पोरीच्या बापानं सांगितलेलं ऐकतो का? त्या गावात जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. ती स्वतः नांदेडला सालेहाच्या मोहल्ल्यात बांगड्या विकायच्या निमित्तानं गेली होती आणि दिवसभर हात दाबत दाबत सालेहाची सगळी माहिती काढून आली होती. सोयरीक पक्की झाली ती त्या चौकशीवर, कागदावर नव्हे. "आता ती मेट्रन काय अहमदपुरात यायची न्हाई. मंग आपन चौकशी करू, आन् तिच्याकडं धाडू."

"अगं येडे, तिथं मराठी कुनाला कळतंय?"

"सालेहा सांगंल की समजावून."

"स्वतःचीच तारीफ स्वतःच सांगंल? लाजनार न्हाई का ती?"

"लाजू दे. लाजत लाजत सांगंल."

गौरम्मानं सेल दिले. वर म्हणाली, "मी बी येते. तू एकटी गेलीस तर बायकांना बोलूच देनार न्हाईस."

आणि खरं सांगतो, तशी वरात अहमदपूरनं पुन्हा पाहिली नसेल. पुढं सुलतानबी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन, मागं गौरम्मा टेप कडेवर घेऊन, लेकराला घेतात तशी. पद्धत ठरलेली. सुलतानबी हात धरायची, बांगडी अर्ध्यावर चढवायची आणि मग गौरम्मा लाल बटण दाबायची. बांगडी अर्ध्यात असताना कोण पळणार?

पहिली केवळाबाई. रोजंदारीनं जाणारी, पार गावाबाहेर राहणारी. तिला सांगितलं, कुवेत लई लांब आहे. तशी ती इतक्या मोठ्यानं बोलायला लागली की शेजारची कुत्री भुंकू लागली.

"सायब! मी केवळाबाई बोलते! बहात्तरला आम्ही खडी फोडायला होतो! माझं पोट दुखाया लागलं आन् मुकादम सुरुंग लावाया निघाला! दोनशे मान्सं थांबली होती वो! सिस्टर आली सायकलवर! ताडपत्री बांधली, मला आत घेतलं! पोरगं पायाळू! मुकादम वरडाया लागला, काम खोळंबतंय म्हनून! तर सिस्टर ताडपत्रीतून मुंडकं भाईर काढून म्हनली, आधी पोरगं यील, मंग तुझा सुरुंग उडंल, हिंमत असंल तर लाव वात! लावतोय कुठला! पोरगं आलं, रडंना. तिनं तोंडानं फुका मारल्या, उलटं धरलं, रडवलं! दगडू नाव ठिवलं! आता बैल हाकतोय!" मग थांबून हळूच सुलतानबीला, "बास का? आन् ही बांगडी लई घट हाय, दुसरी घाल." तेही टेपमध्ये गेलं.

मग दानम्मा. मोंढ्यातल्या आडत्याची सून, मोठं घर. तिला लाज वाटत होती, पण सुलतानबीनं हात सोडला नाही.

"माझ्या वेळेला रक्त थांबत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, नांदेडला न्या, आत्ताच्या आत्ता. जीप मिळेना. दारात आमच्या मामंजींचाच ट्रक उभा, तुरीनं भरलेला, हैदराबादला निघालेला. मामंजी म्हणाले, माल पोचवून येऊ द्या, मग बघू. तशा सिस्टर ट्रकापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तूर उतरवा, सून चढवा. सगळा मोंढा बघायला जमला. मामंजींना अशा बोलल्या, अशा बोलल्या... मी ट्रकात निजून ऐकत होते. नांदेड येईस्तोवर त्यांनी माझ्या पोटावरचा हात काढला नाही. मी जगले ती त्यांच्यामुळं." दानम्मानं पदर सावरला. "पण तोंड लई फटकळ त्यांचं. मामंजींचा अपमान झाला, तो झालाच. तेवढं पण सांगते."

बाहेर आल्यावर सुलतानबी फणफणली. "शेवटचं पुसून टाक."

"न्हाई पुसनार," गौरम्मा म्हणाली. "चौकशीत सगळंच गोड ऐकलं की मानसाला शक येतो. पोरगी कामाला वाघीन, तोंडाला जराशी कडक, असं ऐकलं की बरं वाटतं. खरं हाय असं वाटतं."

सुलतानबीनं पेटी डोक्यावर घेतली आणि पुढचं घर गाठलं.

चार-पाच दिवस हिंडल्या दोघी. कुणी रडलं, कुणी हसलं, एकीनं सांगता सांगता नवऱ्याला शिव्या दिल्या. सुलतानबी ऐकत राहिली. सून चांगली आहे हे तिला माहीत होतं, पण एवढी? घरी येऊन सालेहा कधी बोलली नाही यातलं काही. हातपाय धुवायची आणि भाकरी थापायला बसायची. सासू म्हणायची, आज उशीर झाला गं. सून म्हणायची, हां, जरा झाला. तो 'जरा' म्हणजे पायाळू पोरगं आणि सुरुंग होता, हे सुलतानबीला इतक्या वर्षांनी कळत होतं.  रस्त्यातच डोळे पुसले तिनं, आणि गौरम्मानं पाहिलं तर म्हणाली, धुरळा गेला.

शेवटी कॅसेटमध्ये थोडी जागा उरली. गौरम्मा म्हणाली, आता मी बोलते. सुलतानबीनं बटण दाबलं.

"सालेहा, मी गौरम्मा. तू गेलीस तवापासून दवाखान्यात नर्स नेमलीच न्हाई. लातूरहून एक येती, आठवड्यातून दोनदा, ती बी आली तर आली. बाकीच्या दिवशी बायकांनी काय पोट धरून बसावं? माझ्या सुनेला पाचवा लागलाय. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तिथल्या लोकांना तू नको असशील तर राहू दे. आमाला पाहिजेस. वापस ये. मी काय तुझ्या सासूला भीत न्हाई, तिच्या तोंडावर सांगते, वापस ये."

खट्. सुलतानबीनं टेप बंद केली.

"मी गवाही मागितली होती! तू तर बोलावनं धाडलंस!"

"गवाहीच हाय ती."

"कशी काय? माझं पोरगं तिकडं इतकी वर्षं एकटं राहिलं, हातानं भात शिजवून खाल्ला त्यानं! आता कुठं घर झालंय त्याचं, आन् तू मोडून राहिली?"

"मी काय मोडते? सून पोटुशी हाय माझी, मी बोलले. तुला पुसायचं तर पूस. लाल बटन तुला बी ठावं हाय." गौरम्मा उठली आणि पायात चप्पल न घालताच घरी गेली.

सुलतानबी टेपपुढं बसून राहिली. पुसणं सोपं होतं. दोन बटणं दाबायची आणि गप्प बसायचं, गौरम्माचा आवाज जाईल, कुणाला कळणारही नाही. तिनं बोट बटणावर ठेवलंसुद्धा. सालेहानं हे ऐकलं तर ती येईल, हे तिला पक्कं माहीत होतं. तशीच आहे ती. मग अजीज पुन्हा एकटा, शबाना बापाविना, आणि हे सगळं हिंडणं पाण्यात. पण गौरम्मा खोटं काय बोलली? इतक्या बायकांत एकटी तीच होती जिनं काही झालेलं सांगितलं नाही, जे हवं आहे ते मागितलं. सुलतानबीनं बोट काढलं. कॅसेट फडक्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदेडला जाऊन लालमहंमदच्या हातात दिली.

तो म्हणाला, "खाला, विमानतळावर कॅसेटी तपासतेत. गाणी तर न्हाईत ना यात?"

"गाणी? रडारड हाय सगळी. ऐकू दे त्यांना बी," सुलतानबी म्हणाली.

गौरम्माशी अबोला किती टिकावा? टँकर आला तेव्हा सुलतानबीची घागर गौरम्मानं भरून ठेवली, तिथं संपला.

उत्तर यायला दीड-दोन महिने लागले, तेही सुट्टीवर आलेल्या दुसऱ्याच एकाच्या हाती. दोघी टेपपुढं बसल्या. आवाज मात्र आधी अजीजचा आला. अजीज कधी कॅसेटमध्ये चार वाक्यांवर बोलायचा नाही.

"अम्मी, कॅसेट पैल्यांदा मी ऐकली. सालेहा बाजारात गेली होती. मी ऐकत बसलो ते बसलोच, ड्युटीवर गेलो न्हाई. मला यातलं काईच ठावं नव्हतं, अम्मी. मी तिला पोरं सांभाळायला जा म्हनलो." मग एक खट्, आणि पुन्हा अजीज. "दुसऱ्या दिवशी टेप मीच उचलली आन् तिला घेऊन दवाखान्यात गेलो. ती येत नव्हती, म्हनून राहिली लोक हसतील. मी म्हनलो, हसू दे."

मग सालेहा. मेट्रन आधी वैतागली. ही कुठली भाषा, म्हणाली. सालेहा खाली मान घालून एकेक वाक्य हिंदीत सांगत गेली. केवळाबाईच्या ओरडण्यानं बाहेरच्या नर्सा दारात येऊन उभ्या राहिल्या. पायाळूला काय केलंस, कसं वळवलंस, मेट्रननं मध्येच थांबवून विचारलं. ट्रकाचं ऐकून ती मोठ्यानं हसली आणि तोंड फटकळ आहे हे ऐकून आणखी हसली. मग गौरम्मा बोलायला लागली.

"मेट्रननं विचारलं, ही बाई भांडते आहे का? मी म्हटलं, नाही, मला परत बोलावते आहे. ती पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं, भाषा कळत नसताना. मग म्हणाली, दाखले सगळेच आणतात, हिनं इतकी वर्षं चांगलं काम केलं असे. मी इतकी वर्षं इथं आहे, पण 'आमची बाई आम्हाला परत द्या' असा दाखला मी कधी पाहिला नव्हता."

गौरम्मानं सुलतानबीकडं पाहिलं. सुलतानबीनं मुद्दाम भिंतीकडं पाहिलं.

पण कायदा तो कायदा. नर्स म्हणून घेता येत नाही, मेट्रन म्हणाली. बाळंतिणींच्या वॉर्डात मदतनीस म्हणून घेते. फरशी, चादरी, भांडी. एक वर्ष. तुझं काम मी स्वतः बघीन, आणि वर्षानं तुला इथला अनुभव आहे असं मी माझ्या सहीनं लिहून देईन. "मी हो म्हटलं, अम्मी. गौरम्माकाकू, तुमचं बोलावणं आलं तेव्हा मी रात्रभर विचार केला. यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आज मी हरून आले तर उद्या कुणी पोरगी इकडं आली की हाच कारकून तिलाही हसेल. वर्षभर फरशी पुसते. बहात्तरला तरी पाणी कोण आणून देत होतं मला?"

"भांडी!" सुलतानबी ओरडली. "बाळंतिणींची भांडी!" मग स्वतःच म्हणाली, "करंल ती. तिला काई कमीपना वाटत न्हाई. लई मोठं काळीज हाय बघ तिचं, गौरम्मा. आपल्याला झालं नसतं."

"नसतंच झालं," गौरम्मानं कबूल केलं.

ते वर्ष काही सुखाचं गेलं नाही. गौरम्माच्या सुनेला कळा आल्या तेव्हा लातूर गाठावं लागलं. खडबडीत रस्त्यानं जीप आदळत गेली, आणि सुलतानबी तिच्या पोटावर हात ठेवून सोबत गेली. सुखरूप झालं सगळं, पण परत येताना दोघी सगळ्या वाटेनं सालेहाचंच नाव घेत होत्या. तिकडून कॅसेटी येत. सालेहा चादरींचं सांगायची, फरशीचं सांगायची. बंगाली नर्स तिला 'ए' म्हणून हाक मारायची, आता 'दीदी' म्हणते, हे सांगायची. नर्सा अडल्या की मेट्रन तिला हळूच बोलावते, आणि हात मात्र लावू देत नाही, नुसतं सांग म्हणते. "तेवढं लई जड जातं, अम्मी," ती एकदा म्हणाली. सुलतानबीनं ती कॅसेट पुन्हा लावली नाही.

मग पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, लालमहंमद स्वतः अहमदपूरला आला, कॅसेट घेऊन. काही सांगेना, नुसता हसत होता. टेप लावली. सलाम नाही, दुआ नाही, नुसती धावपळ. कुणीतरी परक्या भाषेत घाईनं बोलतंय, भांडं पडल्याचा आवाज, एक बाई कण्हतेय. आणि सालेहाचा आवाज. मराठीतच बोलत होती, त्या परक्या बाईशी, तिला कळो न कळो. "हां, असं. आणखी थोडं. भिऊ नको, मी आहे ना. भिऊ नको."

सुलतानबीनं गौरम्माचा हात धरला, बांगड्या भरताना धरायची तसा, घट्ट.

आणि रडणं आलं. कोवळं, तिखट, घर भरून टाकणारं.

"अम्मी!" सालेहाला धाप लागली होती. "ऐकलंत का? आजपासून मी इथं नर्स आहे. हे माझ्या हातचं इथलं पहिलं. मशीन मेट्रननं धरलंय, मी नाही."

गौरम्मा टेपवर पार वाकली. "अगं, पोरगा का पोरगी ते तरी सांग की!"

सुलतानबीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुसायचंही भान नव्हतं तिला. बाळ टेपमध्ये रडतच होतं आणि सालेहा आणखी काहीतरी सांगायला लागली, तशी सुलतानबी टेपवर कडाडली, "सालेहा! आमच्याशी काय बोलत बसलीस? आधी बाळंतिणीकडं बघ! ठेव ते मशीन!"

खट्. टेप थांबली.

"ऐकलं बघ तुझं," गौरम्मा म्हणाली.